लेबर रूममधल्या अक्कांना

अक्का,

कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे कागद आले. आता मी नर्सही आणि मिडवाइफही. आईनं ते देवापुढं ठेवले. तुम्हाला मराठी वाचता येतं, म्हणून मराठीतच लिहितेय.

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंग आणि सुईणकामाच्या डिप्लोमाला आले. तीन वर्षांचा अभ्यास इंग्रजीत, माझं कन्नड पुस्तकी, आणि वॉर्डात निम्म्या बायका बेळगावी कन्नड बोलणाऱ्या. पहिल्याच रात्री एक पहिलटकरीण कळांनी तळमळत होती आणि मला धीराचे दोन शब्द सुचेनात. तुम्ही मागून म्हणालात, ‘अंजब्याड्री, उसिरु तगोळ्री.’ घाबरू नका, श्वास घ्या. मग तेच माझ्याकडून म्हणवून घेतलंत. तिनं माझं मनगट जे धरलं ते बाळ होईपर्यंत सोडलं नाही. आपल्याकडं पाट्यांच्या भाषेवरून भांडणं होतात, पण तुम्ही मला एकदाही परकं वाटू दिलं नाहीत.

दहा मिनिटांत किती कळा, एकेक किती सेकंदांची, हे तुम्ही पोटावर हात ठेवून मोजायला लावलंत. दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० च्या बाहेर गेले की लगेच डॉक्टरांना हाक. पार्टोग्राफ, म्हणजे कळांची प्रगती नोंदवायचा तक्ता, मागाहून अंदाजानं भरलेला तुम्हाला खपायचा नाही. एकदा मी तसा भरला, तेव्हा तुम्ही तो कागद बाजूला ठेवून मला पुन्हा त्या बाईजवळ बसवलंत. रागावला नाहीत. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आणि ती पावसाळ्यातली रात्र. बाळ रडलं, सगळे त्याच्याकडं वळले, मीसुद्धा. तुमचा हात मात्र आईच्या पोटावरच होता. आत दुसरं बाळ नाही याची खात्री केलीत आणि मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनची, म्हणजे पिशवी आवळून रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनची, १० युनिट्स मांडीत दिलीत. तरीही वार पडल्यावर गर्भपिशवी सैल पडून रक्त वाहू लागलं. तुम्ही पिशवी चोळत राहिलात, माझ्याकडून सलाईन लावून घेतलंत, डॉक्टरांना बोलावलंत. पिशवी घट्ट झाल्यावर माझा हात तिथं नेऊन म्हणालात, ‘अशी लागली पाहिजे.’ तो कठीण गोळा माझ्या तळहाताला अजून आठवतो.

सोमवारी मी रुजू होतेय. पहिली ड्युटी रात्रीची आहे. गेल्या गेल्या आधी फ्रीज उघडून ऑक्सिटोसिन बघणार आहे, तुम्ही बघायचा तसं.

तुमची,
खानापूरची पोर