स्पीकर बदलण्याआधी एवढं बघा

संपादक महोदय,

दारव्हा तालुक्यातल्या गावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत म्हातारी मंडळी येतात, ‘समोरचा बोलते ते ऐकूच येत नाही’ म्हणतात. कुणीतरी स्पीकर बदलायला सांगितलेलं असतं. अँड्रॉइड ९ पासून (२०१८) बाजूचं बटण बहुतेक फोनांत एरवी गाण्या-व्हिडिओचाच आवाज बदलतं. कॉलचा आवाज वाढवायचा तर कॉल चालू असतानाच ते दाबावं लागतं. ब्लूटूथ जोडलेलं राहिलं तर आवाज पोराच्या इअरबडात जातो. कानाजवळच्या बारीक जाळीत धूळ, घाम, कापसाचे तंतू घट्ट बसतात. कोरड्या मऊ ब्रशनं हलकेच झाडा. सुई अजिबात घालू नका, आतला पडदा फाटतो आणि मग खरंच खर्च येतो. दुकानदार भावांनो, पैसे सांगण्याआधी गिऱ्हाइकाला हे करून दाखवा.

– एक मोबाइल दुरुस्तीवाला, ता. दारव्हा, जि. यवतमाळ