भाव उतरले तर कर्जदाराचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महागाईचा दर खाली आल्याची बातमी छापून आली की वाचकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग स्वस्त काय झालं?’ बहुधा काहीच नाही. १०० ची वस्तू आठ टक्क्यांनी वाढून १०८ झाली आणि पुढच्या वर्षी दर तीन टक्क्यांवर आला, तरी ती १११ च्या पुढे जातेच. बातमीत दरासोबत किमतींची पातळीही दिली, तर निम्मा गोंधळ मिटेल.

उरलेला निम्मा जास्त चिवट आहे. भाव सरसकट उतरले, म्हणजे चलनघट झाली, तर सगळ्यांचे भलेच होईल असे अनेकांना वाटते. पण तेव्हा विक्री घटते, मागोमाग पगार आणि नफाही घटतो. कर्जाचा आकडा मात्र करारात लिहिलेला असतो, तो हलत नाही. कालपर्यंत झेपणारा हप्ता डोईजड होतो. कर्जदार हात आखडता घेतात, मिळेल त्या भावात मालमत्ता विकतात आणि भाव आणखी पडतात. अर्थतज्ज्ञ आयर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये हाच फेरा मांडला होता. सगळे एकदम कर्ज फेडायला धावले की उरलेल्या कर्जाचे खरे ओझे वाढतच जाते. (१९२९ च्या शेअर बाजारातील पडझडीत ते स्वतः चांगलेच पोळले होते.)

यात बँकांचा वाटा सहसा लक्षात येत नाही. आजचा बहुतांश पैसा नोटांच्या रूपात नसतो, तो बँकेतील ठेवींच्या रूपात असतो. बँक कर्ज देते तेव्हा ती रक्कम खात्यात नव्याने निर्माण होते. कर्ज फिटले की तेवढा पैसा नाहीसा होतो. जुनी कर्जे फिटत किंवा बुडत राहिली आणि नवी कोणी घेईना, तर पैसाच आटतो. अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात पैशाचा साठा सुमारे एक तृतीयांशाने घटला, किमती साधारण २५ टक्क्यांनी उतरल्या आणि १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. स्वस्ताई होती, पण घेणार कोण?

उत्पादन वाढल्यामुळे होणारी स्वस्ताई वेगळी, हे मान्य. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अमेरिकेत भाव उतरत होते आणि उत्पादनही वाढत होते. तरीही पैसा वाढून भाव चढावेत आणि कर्ज हलके व्हावे यासाठी तिथले कर्जबाजारी शेतकरी चांदीची नाणी वाढवा म्हणून राजकारण तापवत होते, ते उगाच नव्हे.

याचा अर्थ भरमसाट चलनवाढ बरी असा मुळीच नाही. जर्मनीत नोव्हेंबर १९२३ मध्ये एका नव्या रेंटेनमार्कसाठी एक लाख कोटी जुने मार्क मोजावे लागत. कर्जदार सुटले, आयुष्यभराची बचत रोख्यांत ठेवणारे बुडाले. तिथे पैसा करारांचे माप म्हणून उरलाच नव्हता.

म्हणूनच अनेक मध्यवर्ती बँका शून्य टाळून दोन टक्क्यांच्या आसपास चलनवाढीचे लक्ष्य धरतात. माझ्या मते ते योग्यच आहे. मात्र वेतन त्याच्या मागे राहिले, तर तीच सौम्य चलनवाढ दरवर्षी पगारदाराचा खिसा थोडाथोडा कापते. तेव्हा विनंती एवढीच, की महागाईच्या आकड्याशेजारी त्याच काळातील वेतनवाढीचा आकडाही छापावा.

आपला,
एक वाचक