प्राणीगृहातल्या काकांना जाहीर आभारपत्र

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव आहे, पण एकाच ओळीत. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, म्हणून हे पत्र.

प्रश्न ऐकायला साधा होता: पाण्यातून फ्लोराइड पोटात जाणाऱ्या पांढऱ्या उंदरांना चहा दिला, तर त्यांचा बचाव होतो का? फ्लोराइडमुळे पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो आणि चहातली पॉलिफेनॉल्स (तुरटपणा देणारी वनस्पतींतली द्रव्यं) तो ताण कमी करू शकतात, ही आशा. गोची अशी की चहाचं झुडूप स्वतःच जमिनीतून फ्लोराइड ओढून पानांत साठवतं, जून पानांत तर जास्तच. त्यामुळे नुसता चहा पिणारा गट वेगळा ठेवला, चहातलं फ्लोराइडही मोजलं. बाटल्यांत लिटरमागे २२१ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड, म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) फ्लोराइड. इथवरचं सगळं कागदावर होतं. पुढचं तुमच्या हातात.

रोज सकाळी तुम्ही प्रत्येक बाटलीचं वजन करायचात. शिवाय एका रिकाम्या पिंजऱ्याला भरलेली बाटली लावून ठेवायचात, नुसतं ठिबकून किती जातं ते कळायला. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो आकडा आम्ही सगळ्या नोंदींतून वजा करत गेलो.

आणि एक दिवस वही पुढे सरकवत तुम्ही म्हणालात, "ताई, चहावाले कमी पितायत. तुरट लागत असणार."

या एका वाक्याने प्रयोग वाचला. कमी प्यायलं तर फ्लोराइडही कमीच जाणार. मग हाडांत ते कमी सापडलं की श्रेय फुकटात चहाला! त्यानंतर चहावाले आदल्या दिवशी जेवढं प्यायले, तेवढंच मोजून चहाविना फ्लोराइडचं पाणी पिणाऱ्या गटाला द्यायचं ठरलं. तो व्यापही तुमच्याच गळ्यात पडला. (चहात ॲल्युमिनियमही असतं आणि ते फ्लोराइडला बांधून ठेवतं, म्हणजे उरलेला फरकही सगळा पॉलिफेनॉल्सचा म्हणता येत नाही. पण ते भांडण माझं.)

दातही तुम्हीच दाखवलेत. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे फ्लोराइडची खूण तिथे चटकन उमटते. अंगठ्याने ओठ अलगद वर करून तुम्ही दाखवलंत: नारिंगी दातावर खडूसारखे पांढरे आडवे पट्टे. तुमच्या हातात तो उंदीर निवांत होता. माझ्या हातात आला की चुळबुळ सुरू. घाबरलेल्या जनावराच्या रक्तातले आकडे बदलतात, तेव्हा तुमचा हात हाही आमच्या पद्धतीचाच भाग होता.

तोंडी परीक्षेत नेमका रिकाम्या पिंजऱ्यावरच प्रश्न आला: ही कल्पना कुणाची? मी तुमचं नाव सांगितलं. प्रबंधाची एक प्रत तुमच्या टेबलावर ठेवली आहे, पाण्याचा तक्ता आहे तिथे खूण घातली आहे.

तुमची,
चहावाली ताई