खराब अ‍ॅडॅप्टर, सतत बंद पडणारा राउटर आणि आकारलेले ४१३ रुपये

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी साताऱ्यात राहते आणि दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. आपले फायबर कनेक्शन माझ्याकडे तीन वर्षे आहे. राउटर आणि अ‍ॅडॅप्टर दोन्ही आपणच बसवून दिलेले आहेत.

नऊ दिवसांपूर्वीपर्यंत सलग २२ दिवस राउटर मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत होता. दिवसा एकच मोबाइल चालू असतो तेव्हा तो तासन् तास चालतो. संध्याकाळी सात वाजता वर्ग सुरू झाला, घरातला टीव्ही आणि मुलाचा लॅपटॉपही जोडला गेला, की दहा-पंधरा मिनिटांत सगळे दिवे एकदम विझतात. मग पॉवरचा दिवा लागतो, फायबर लाइन जोडली गेल्याचे दाखवणारा पॉनचा दिवा लुकलुकतो, स्थिर होतो आणि शेवटी वायफाय येते. यात दोन-अडीच मिनिटे जातात. तोवर वर्गसमीकरण फळ्यावर अर्धे आणि मुले कॉलबाहेर.

कस्टमर केअरला मी पाच वेळा फोन केला. प्रत्येक वेळी रीस्टार्ट करा, वायफायचा चॅनल बदला, फॅक्टरी रीसेट करा, हेच सांगण्यात आले. मी ते सगळे केले. फायबरची केबल तुटली किंवा वाकली असती तर सिग्नल येत नसल्याचे दाखवणारा एलओएसचा लाल दिवा लागला असता, बाकीचे दिवे चालूच राहिले असते. इथे सगळेच विझतात, म्हणजे राउटरला वीजच पोचत नाही. घरातला पंखा आणि ट्यूब मात्र त्या क्षणीही चालू असतात. हे मी प्रत्येक फोनवर सांगितले, पण अ‍ॅडॅप्टरबद्दल एकानेही विचारले नाही.

आपला तंत्रज्ञ आला तो सकाळी अकराला. त्याने फायबरचा सिग्नल मोजला, "लाइन ओके आहे, तुमच्या घरातल्या वायरिंगचा प्रॉब्लेम असेल" असे सांगितले आणि निघून गेला. अ‍ॅडॅप्टरला त्याने हातही लावला नाही. लावला असता तर चटका बसला असता, इतका तो तापत होता. कान जवळ नेला तर बारीक शिट्टीसारखा आवाजही येत होता. पुढच्या बिलात व्हिजिट चार्ज म्हणून जीएसटीसह ४१३ रुपये लागले.

शेवटी मी अ‍ॅडॅप्टर आमच्या पेठेतल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्यावर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर छापलेले आहे. नुसता मीटर लावला तर १२.२ व्होल्ट दिसले. मग दुकानदाराने गाडीचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब त्याला जोडला. हा बल्ब एक अँपिअरही ओढत नाही, तरी आकडा ८.७ वर घसरला आणि बल्ब लुकलुकू लागला. आतला कपॅसिटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) सुकला की असेच होते, बिनलोडचे, म्हणजे काहीही न जोडता घेतलेले, रीडिंग फसवते, असे त्याने सांगितले. वस्तू आपली असल्यामुळे ती मी उघडू दिली नाही. त्याच्याकडूनच १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, पिनेच्या मधोमध प्लस असलेला अ‍ॅडॅप्टर ३२० रुपयांना घेतला. त्याला आज नऊ दिवस झाले. राउटर एकदाही बंद पडलेला नाही.

दहा मिनिटांच्या तपासणीत सापडणारा दोष होता. त्यासाठी माझे सहा वर्ग बुडाले. पालकांना मी तेवढी फी परत केली. परीक्षेच्या वर्षातल्या मुलांचा वेळ मात्र मला परत देता येत नाही, आणि याचेच मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

व्हिजिट चार्जचे ४१३ रुपये आणि अ‍ॅडॅप्टरचे ३२० रुपये मला परत मिळावेत. २२ दिवसांचे भाडे बिलातून वजा व्हावे. आणि "सगळे दिवे एकदम जातात का?" हा प्रश्न कस्टमर केअरने रीसेटच्या आधी विचारावा. तंत्रज्ञाच्या पिशवीत मीटर आणि एक चालू अ‍ॅडॅप्टर असलाच पाहिजे. माझ्यासारख्या किती जणांनी वायरिंगवर उगाच खर्च केला असेल!

सात दिवसांत उत्तर आले नाही, तर मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन. पाचही तक्रारींचे डॉकेट क्रमांक, बिल आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो सोबत जोडले आहेत. जुना अ‍ॅडॅप्टर मी जपून ठेवला आहे. तो न्यायला येणाऱ्याने मीटर घेऊन यावे आणि माझ्यासमोर लोडवर मोजून बघावे.

आपली,
एक ग्राहक, सातारा