मागणारा खोटाच, हे आधीच ठरवून टाकायचं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारचा लेख वाचला तेव्हा पेपर घडी घालून बाजूला ठेवला. सोमवारी सकाळी पुन्हा वाचला, तरी राग उतरला नाही, म्हणून लिहिते आहे. अनोळखी माणसाने पैसे मागितले की त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही, बघितलं की तुम्ही फसलात, असं लेखकाचं म्हणणं. हे लिहिणाऱ्यावर कधी कुणापुढे हात पसरायची वेळ आलेली नसावी.

लबाड माणसं असतात, हे मला माहीत आहे. ‘जालन्याकडचे आहोत, मुकादमाने पैसे बुडवले, बाळ उपाशी आहे’ असं सांगणारं एक जोडपं माझ्याही दारात आलं होतं. मी तीनशे रुपये दिले, वर पोळीभाजी बांधून दिली. चार महिन्यांनी तेच जोडपं पुण्यात माझ्या बहिणीच्या सोसायटीच्या फाटकाशी उभं. तेच बाळ, तीच हकिकत, फक्त जालन्याचं परभणी झालं होतं. खूप वाईट वाटलं. तीनशे रुपये गेल्याचं नाही, त्या पोळ्या घाईघाईने लाटल्या होत्या त्याचं.

पण दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, मीच मागणारी होते. बहिणीकडून बार्शीला परत येत होते. मध्ये एका मोठ्या स्थानकावर गाडी बदलायची होती. कुठलं स्थानक ते लिहीत नाही. उतरताना दाराशी रेटारेटी झाली आणि खाली आल्यावर बघते तर खांद्यावर पर्सचा नुसता पट्टा, कापलेला. पैसे, मोबाइल, आधार कार्ड, घराची किल्ली, सगळं गेलं. हातात राहिली ती फराळाच्या डब्याची पिशवी.

स्थानकातल्या पोलीस चौकीला कुलूप होतं. नियंत्रकाने ऐकून घेतलं आणि ‘थांबा, बघू’ म्हणाला. वाहकाला विनवलं, तर तो म्हणाला, ‘बाई, तपासणी आली तर माझ्या नोकरीवर येईल.’ त्याचंही खरं होतं, त्याच्यावर माझा राग नाही. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे मला लागत होते जेमतेम साठ-सत्तर रुपये. एका मुलाने स्वतःचा फोन पुढे केला, ‘मावशी, नंबर सांगा, लावून देतो.’ मला एकही नंबर आठवेना. मुलाचा नाही, यांचा नाही, फक्त माझा स्वतःचा पाठ, आणि तो फोन तर चोराच्या खिशात! एकोणतीस वर्षं मुलांकडून पाढे पाठ करून घेतले, आणि घरचा एक नंबर पाठ करायचं सुचलं नव्हतं.

मग मागायला सुरुवात केली. पहिल्या माणसाशी बोलताना तोंडातून शब्द फुटेना. ‘माझी पर्स मारली हो’ एवढं म्हणेपर्यंत तो पुढे गेलासुद्धा. एकाने सांगितलं की रोख नसतेच जवळ. खरंही असेल, हल्ली सगळे मोबाइलवरूनच देतात. माझ्याच वयाची एक बाई बाकावर बसली होती. चांगल्या घरची, गळ्यात तुळशीची माळ. मी जवळ गेले तशी तिने पर्स या काखेतून त्या काखेत घेतली आणि फलाटावरची पाटी वाचू लागली. ती पाटी मीही वाचली होती, त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. कारण तशी पर्स मीही अनेकदा या काखेतून त्या काखेत घेतलेली आहे.

पुढे कॉलेजातली दोन पोरं भेटली. एकाने शंभराची नोट काढली, मला हायसं वाटलं. दुसऱ्याने मोबाइल वर धरला आणि म्हणाला, ‘काकू, काय झालं ते परत एकदा सांगा ना, इकडे बघून.’ मी पदर तोंडावर घेतला आणि पैसे न घेताच तिथून निघाले. शंभर रुपयांत माझं घर आलं असतं. पण मी शिकवलेली मुलं आज गावोगाव आहेत, ती मला त्या मोबाइलवर बघणार होती.

जवळजवळ दोन तास गेले. नऊ जणांना विचारलं. दहावा भेटला तो कांद्याच्या बियाण्याची पिशवी घेऊन उभा असलेला एक शेतकरी. त्याने माझी गोष्ट पुरती ऐकलीही नाही. ‘कुठं जायाचं हाय, आक्का?’ एवढंच विचारलं. बार्शी म्हटल्यावर माझ्याबरोबर गाडीपर्यंत आला, वाहकाकडून तिकीट घेऊन माझ्या हातात दिलं आणि उतरल्यावर रिक्षाला म्हणून वर पन्नास रुपये ठेवले. मी नाव, गाव विचारलं तर म्हणाला, ‘गाडी लागलीय, चढा आधी.’ पैसे परत कुठे करायचे, हे मला आजही माहीत नाही.

तुमच्या लेखात इंदूरचं कौतुक आहे. १ जानेवारी २०२५ पासून तिथे भीक देणाऱ्यावरही गुन्हा दाखल करायचं ठरलं, आणि आपल्याकडेही तसंच हवं म्हणे. म्हणजे तो शेतकरी गुन्हेगार! आपल्याकडे १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, तो लेखकाने एकदा वाचावा. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणं हीसुद्धा त्यात भीक आहे. म्हणजे पहाटे दारात येणारा वासुदेवही आला आणि नंदीबैलवालाही आला. पहिल्यांदा सापडलेल्यालाही एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली याच कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. २०२१ मध्ये करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयानेही भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला, माणूस गरिबीमुळे भीक मागतो असं सांगून. लेखात यातलं एक अक्षर नाही.

एक गोष्ट लेखकाची मला पूर्ण मान्य आहे. सिग्नलला कडेवर मूल देऊन उभ्या केलेल्या लहान पोरींच्या हातावर पैसे ठेवू नयेत. ते पैसे त्यांच्याकडे राहत नाहीत. तिथे १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकाला, फोन करावा, मी दोनदा केला आहे. पण मोठं माणूस तिकिटाला पैसे नाहीत म्हणालं तर मी आता ‘चला, तिकीट काढून देते’ म्हणते. गेल्या श्रावणात तुळजापूरला जायचंय म्हणणारा एक जण हे ऐकताच गर्दीत दिसेनासा झाला. आणि एक आजी मात्र मुकाट्याने माझ्यामागून गाडीपर्यंत आल्या. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट आहे, पण त्यांच्याकडे वयाचा पुरावाच नव्हता. कार्ड सुनेने ठेवून घेतलं होतं. खरं काय नि खोटं काय ते गाडीपर्यंत चालत गेल्यावर कळतं. त्याला पाच मिनिटं लागतात.

शेवटी त्या फोटोबद्दल. लेखासोबत मंदिराच्या पायरीवर हात पुढे केलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा मोठा फोटो छापला आहे. चेहरा स्पष्ट, कपाळावरचं गोंदणसुद्धा दिसतं. आणि मथळा फसवणाऱ्यांबद्दलचा. तिने कुणाला फसवलं, हे तुमच्या छायाचित्रकाराला माहीत आहे का? फोटो काढण्याआधी तिला विचारलं होतं का? तिच्या लेकी, भाचरं तुमचाच पेपर वाचत असतील. पेपर छापून झाला, त्याला आता इलाज नाही. पण तुमच्या वेबसाइटवर तो आज सकाळपर्यंत तसाच होता. तेवढा आजच्या आज काढून टाका, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, बार्शी