१९ लाख फाइली आणि डोंबिवलीचे काका : एक आभार पत्र

आदरणीय काका,
सा. न.

निघताना तुम्ही म्हणालात माझं नाव कुठे टाकू नकोस, म्हणून टाकत नाही. पण पत्र मात्र उघडच लिहितेय, कारण तुम्ही आमच्या वाचनालयासाठी जे केलंत ते चार माणसांना कळायला पाहिजे, आणि ज्यांच्या ऑफिसात असाच एखादा छोटा सर्व्हर टेबलाखाली चालू आहे त्यांना यातलं थोडंफार कामाला पण येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. आमचं गिरगावातलं वाचनालय छोटं आहे, एक हॉल आणि आतली खोली. गेली दोन वर्षं आम्ही जुने दिवाळी अंक आणि बांधीव मासिकं स्कॅन करतोय. मुंबईची दमट हवा, त्यात कसर, कागद इतका पिवळा आणि कडक झालाय की काही अंकांची पानं स्कॅनरच्या काचेवर ठेवतानाच कडेने तुटली. म्हणजे ते पान आता फक्त स्कॅनमध्येच अख्खं आहे, परत स्कॅन करायला कागदच नाही. म्हणून त्या शुक्रवारी संध्याकाळी स्क्रीनवर "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आणि कळतच नव्हतं काय झालंय, कारण डिस्क २ टीबीची, वापरलेली फक्त १६ टक्के, दीड टीबी मोकळी दिसतेय, आणि तरी मशीन म्हणतंय जागा नाही. ज्यांनी सर्व्हर बसवून दिला होता त्यांना फोन केला तर ते म्हणाले डिस्क खराब असेल, फॉरमॅट मारा आणि नवीन घ्या.

आमच्या एका सभासद ताईंनी तुमचा नंबर दिला, "माझे मामा आहेत, तीस वर्षं सर्व्हर रूममध्येच काढलीत त्यांनी, विचारून तर बघा". रात्री साडेआठला फोन केला, तुम्ही जेवायला बसला होतात, आणि जेवण सोडून उठलात हे मला नंतर काकूंकडून कळलं. तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते "काही डिलीट करू नकोस" आणि दुसरं "डीएफ डॅश एच नको, डीएफ डॅश आय टाक", म्हणजे जागा किती उरली ते नको, आयनोड किती उरले ते बघ. टाकलं. आयनोड वापर १०० टक्के, मोकळे शून्य. एकूण १९ लाखांच्या आसपास, आणि सगळे संपलेले.

आयनोड हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे दाखल रजिस्टर असतं ना? म्हटलं असतं की, पुस्तक आलं की आधी दाखल क्रमांक, मग कपाट. तुम्ही म्हणालात मग झालं, समज रजिस्टरमध्ये हजारच ओळी छापल्यात आणि हजार पुस्तकं दाखल झाली, आता कपाटं अर्धी रिकामी असली तरी नवीन पुस्तक घेता येणार नाही, कारण त्याला नंबर द्यायला ओळ नाही. प्रत्येक फाइलला एक आयनोड, फाइल ५ केबीची असो नाहीतर २६ एमबीची, आणि ईएक्सटी४ मध्ये (ही आमच्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) हे रजिस्टर फॉरमॅट करतानाच छापून होतं, नंतर ओळी वाढवता येत नाहीत. मला एका मिनिटात कळलं, आणि काका, मला हे आधी कोणी असं सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही विचारलंत १९ लाख फाइली आल्या कुठून, तुमची पानं किती? म्हटलं साडेनऊ हजार. आणि मग तुम्ही फोनवरच हिशोब करून दाखवलात. आम्ही वाचकांना पान मोठं करून बघता यावं म्हणून जे सॉफ्टवेअर लावलंय ते प्रत्येक पानाचे २५६ बाय २५६ चे चौकोनी तुकडे करून ठेवतं. ए४ पान ३०० डीपीआयला म्हणजे साधारण २४८० बाय ३५०८, आडवे १० तुकडे उभे १४, हे झाले १४०, मग अर्ध्या आकाराचे ३५, मग त्याच्या अर्ध्याचे, असं करत करत पानामागे २०० तुकडे. साडेनऊ हजार गुणिले २००, बरोबर १९ लाख. मूळ स्कॅन अडीचशे जीबी खातात पण फाइली साडेनऊ हजारच, आणि हे तुकडे जागा खातात पंचवीस-तीस जीबी पण रजिस्टर सगळं तेच भरवतात.

त्या रात्रीपुरतं तुम्ही एका वर्षाच्या अंकांचे तुकडे टार करून, म्हणजे गठ्ठा करून, दुसऱ्या डिस्कवर एकाच फाइलमध्ये बांधायला लावलेत, मग इथले सुटे काढायला लावलेत, आणि लगेच आयनोड मोकळे झाले. मी म्हटलं झालं की काम. तुम्ही म्हणालात हे तात्पुरतं आहे, रविवारी येतो.

आणि खरंच आलात. मेगाब्लॉकचा रविवार, डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून चर्नी रोड, जिना चढून वर आलात तेव्हा शर्ट भिजलेला, आणि पाणी प्यायच्या आधी मशीनचं मागचं बटण बघायला गेलात. मला वाटलं आता तुम्ही सांगाल की अमुक फाइल सिस्टिम टाक आणि मोकळी हो. आमच्या समितीत पण तेच चाललं होतं, एकजण म्हणे झेडएफएस नावाची फाइल सिस्टिमच घ्या, एकजण म्हणे विंडोज सर्व्हर घ्या. तुम्ही कुणालाच हो-नाही केलं नाहीत. वर्गणीच्या जुन्या पावतीच्या मागे पेन्सिलने दोन रेघा मारल्यात, एकीकडे "परत बनवता येतं", दुसरीकडे "परत मिळणार नाही", आणि मला म्हणालात तुझ्याकडचं सगळं या दोन रकान्यांत लिही. तुकडे पहिल्यात, ते मूळ स्कॅनवरून कधीही परत काढता येतात. मूळ स्कॅन दुसऱ्यात. सभासदांची यादी दुसऱ्यात. ती पावती मी जपून ठेवलीये. त्यानंतर जी काही तुलना झाली ती सगळी त्या दोन रकान्यांवरच झाली, आणि मला वाटतं तुमची मदत म्हणजे मुळात ती पावतीच.

ईएक्सटी४ ला तुम्ही नावं ठेवू दिली नाहीत. मी चिडून काहीतरी बोलले तर म्हणालात अगं, २००८ पासून लिनक्समध्ये (तुझ्या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) आहे, जगातले किती सर्व्हर त्याच्यावर शांतपणे चाललेत, तुझ्या डिस्कचा घोळ वेगळा आहे. मग तो पण शोधून दाखवलात. साधं फॉरमॅट केलं असतं तर दर १६ केबीला एक आयनोड धरून २ टीबीवर १२ कोटींच्या वर ओळी मिळाल्या असत्या, आम्हाला जन्मात संपल्या नसत्या. पण बसवणाऱ्याने स्कॅन म्हणजे मोठ्या फाइली असं समजून "लार्जफाइल" हा पर्याय दिला होता, म्हणजे दर १ एमबीला एकच आयनोड. व्हिडिओ ठेवणाऱ्याला ते बरोबर आहे. आम्हाला नव्हतं. पुढे तुम्ही हे पण सांगितलंत की ईएक्सटी४ गरज पडली तर लहान करता येते, आणि मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा ती रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते, जी नुसत्या डेटाच्या डिस्कवर कमी करता येते.

एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमबद्दल तुम्ही सांगितलंत ते मला फार आवडलं, की ती सिलिकॉन ग्राफिक्सने १९९३ च्या सुमारास स्वतःच्या मोठ्या मशीनसाठी बनवायला घेतली, नंतर लिनक्सवर आली, आणि २०१४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीत तिलाच मूळ निवड केलं. तिच्यात रजिस्टर आधी छापत नाहीत, पानं लागतील तशी जोडतात. म्हणून किती फाइली होतील याचा अंदाज आधी बांधायला नको. पण लगेच दुसरी बाजू पण सांगितलीत, ही वाढवता येते, कमी करता येत नाही असंच धरून चाल, आणि ते माझ्याकडून वहीत लिहून घेतलंत.

जर्नलिंगला, म्हणजे बदल करायच्या आधी त्याची नोंद करून ठेवायच्या पद्धतीला, मात्र मी तुम्हाला चकित केलं असं मला वाटतं! तुम्ही समजावत होतात की मध्येच लाइट गेली तर काय होतं, आणि मी म्हटलं म्हणजे रोजकीर्द आणि खतावणी. आधी रोजकीर्दीत मांडायचं मग खतावणीत चढवायचं, मध्ये व्यत्यय आला तर रोजकीर्द बघून खतावणी पुरी करायची. तुम्ही दोन सेकंद थांबलात आणि म्हणालात हो, अगदी हेच. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली तेव्हाचं तुमच्याकडचं सांगितलंत, यूपीएस दमल्यावर काही मशीन धाडकन बंद झाल्या, आणि परत चालू केल्यावर रोजकीर्द वाचून काही सेकंदांत उभ्या राहिल्या. आणि मग इशारा दिलात, की ईएक्सटी४ काय किंवा एक्सएफएस काय, या रोजकीर्दीत फाइल कुठे आहे आणि केवढी आहे याची नोंद असते, फाइलच्या आतला मजकूर शाबूत आहे की नाही हे ती बघत नाही.

इथून आपण झेडएफएसवर आलो. तुम्ही कपाटातला एक अंक उघडलात, कसरीने खाल्लेलं पान माझ्यासमोर धरलंत आणि म्हणालात, हे डोळ्यांना दिसतंय, डिस्कवर एखादा बिट उलटला तर दिसत नाही, पाच वर्षांनी फाइल उघडशील तेव्हा पानाच्या मधोमध राखाडी पट्टा असेल. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) वेगळ्या जागी ठेवते, वाचताना दर वेळी ताडून बघते, आणि दोन डिस्कचं मिरर असेल, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलेलं असेल, तर बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या डिस्कवरून स्वतःच दुरुस्त करते. एकच डिस्क असेल तर बिघाड झालाय एवढं सांगते, दुरुस्त कशावरून करणार. सन मायक्रोसिस्टिम्सचं काम, २००५ मध्ये ओपनसोलारिसमधून खुलं झालं. लायसन्स वेगळं असल्यामुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती आत नसते, वेगळं मॉड्यूल म्हणून येते, म्हणून कर्नल अपडेट करताना दोघांचं जमतंय ना ते बघायचं. उबंटू या लिनक्सने २०१६ पासून सोबत दिलीये म्हणून आपण उबंटूच ठेवलं. आणि तिला रॅम आवडते, आमची ८ जीबी होती, आणखी ८ घालायला लावलीत.

बीटीआरएफएस या आणखी एका फाइल सिस्टिमबद्दल मी मुद्दाम विचारलं होतं कारण वाचून गोंधळ झाला होता, सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीने २०१४ मध्ये तिला सिस्टिमच्या मुख्य विभागासाठी मूळ निवड केलं आणि रेड हॅटने आठव्या आवृत्तीत काढूनच टाकलं, मग खरं कोणाचं? तुम्ही म्हणालात दोघांचं गिऱ्हाईक वेगळं. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आहे, चेकसम आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) तिच्यात पण आहेत, मिररला चालते, पण रेड ५ आणि ६ (अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धती) साठी घेऊ नकोस. विंडोजचं पण दोन मिनिटांत झालं : एनटीएफएस १९९३ पासूनची, मजबूत, तिचं रजिस्टर पण आपोआप वाढतं, आणि २०१२ च्या विंडोज सर्व्हरपासून आरईएफएस ही नवी पण आहे, पण तुमचं सगळं लिनक्सवर नीट चाललंय तर घर बदलायचं कशाला.

शेवटी ठरलं ते पावतीवरूनच. "परत मिळणार नाही" ते सगळं दोन नव्या डिस्कच्या झेडएफएस मिररवर, "परत बनवता येतं" ते जुन्याच डिस्कवर एक्सएफएस करून. आणि मूळ स्कॅनची तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती सेक्रेटरींच्या ठाण्याच्या घरी. समितीतले एकजण म्हणाले स्नॅपशॉट आहेत ना, मग तिसरी कशाला, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, हॉलमध्ये पाणी शिरलं तर अंक, डिस्क आणि स्नॅपशॉट एकत्रच जातील. त्यावर कोणी काही बोललं नाही, २६ जुलै सगळ्यांनाच आठवतो.

दुसऱ्या रविवारचं एक मला विसरताच येणार नाही. मूळ स्कॅन मिररवर आले होते, साडेनऊ हजार फाइलींचे चेकसम जुळले होते, ठाण्याची प्रत पण तपासून झाली होती, आता जुनी डिस्क फॉरमॅट करायची. तुम्ही खुर्ची मागे घेतलीत, म्हणालात तू टाइप कर. माझा हात थरथरत होता. कमांड लिहून झाली आणि तुम्ही म्हणालात एंटर नको. मोबाइलचा टॉर्च लावून मला टेबलाखाली बसवलंत, डिस्कच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरची शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचायला लावलीत, तुम्ही स्क्रीनवर यादीतून ताडून बघितलीत, मग जागा बदलून तुम्ही खाली आणि मी स्क्रीनवर, परत तेच. मग म्हणालात, आता मार. आतापर्यंत मी सर्व्हरला हात लावायला घाबरायची. त्या दिवसापासून नाही घाबरत.

आताची खबर देते. तुकडे परत बनायला दोन रात्री लागल्या, काही अडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्क्रब (मिररवरचा सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडून बघणं) लावलाय, या वेळी अर्ध्या तासाच्या वर गेला, दुरुस्ती शून्य, एरर शून्य, तुम्हाला फोटो पाठवलाय. नव्याने अकराशे पानं चढली आहेत. समितीने तुम्हाला आजीव सभासद करायचं ठरवलंय, अनामत वगैरे काही नको, कार्ड माझ्या टेबलाच्या खणात तयार आहे. आणि कॉपी चालू असताना तुम्ही खिडकीपाशी जो अंक वाचत बसला होतात, त्यात तुमचं लोकलचं जुनं तिकीट खूण म्हणून राहिलंय. ते मी काढलेलं नाही, अंक पण कपाटात परत लावलेला नाही. काकूंना घेऊन या.

तुमची,
वाचनालयातली ग्रंथपाल
गिरगाव, मुंबई