हायफन कुठे द्यायचा यासाठी मार्क कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लिश मीडियमच्या दुसरी-तिसरीच्या मुलांना हल्ली सिलॅबल, म्हणजे शब्दाचे उच्चारातले तुकडे, पाडायच्या वर्कशीट देतात त्याबद्दल लिहायचं होतं. मी नेरूळला घरीच ट्यूशन घेते, त्यामुळे वेगवेगळ्या शाळांच्या वह्या बघायला मिळतात. टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे मोजायचे इथपर्यंत ठीक आहे, मुलांना मजाच येते. पण मग ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर त्याच टाळीवर हायफन देऊन तोडा म्हणतात, आणि तिथे सगळा घोळ होतो.

बोलण्यातले तुकडे वेगळे आणि छपाईतला हायफन वेगळा हो. अबाउट बोलताना दोन तुकडे होतात, पण पहिला तुकडा म्हणजे नुसता ए, आणि एकटं अक्षर ओळीच्या टोकाला लटकवायचं नाही असा छपाईचा रिवाज, म्हणून मेरियम-वेबस्टर डिक्शनरीत तो शब्द तोडलेलाच नाही. चॉकलेटचं उलटं, तिथे डिक्शनरीत तीन तुकडे आणि बोलताना बहुतेक लोक दोनच करतात. लेजंड (legend) तर नियमाने तोडला की आधी लेग आणि खालच्या ओळीत एंड, आता वाचणाऱ्याने काय समजायचं!

त्यात आपली मुलं टाळी वाजवतात ती अक्षरावर. स्ट्रेंथ म्हटलं की त्यांना स्ट्रें आणि थ दिसतात, म्हणजे दोन टाळ्या, आणि मराठीच्या हिशोबाने त्यांचं काही चुकत पण नाही. इंग्रजीत मात्र आठ अक्षरी स्पेलिंगचा तो अख्खा शब्द एकच सिलॅबल, कारण उच्चारात स्वर एकच. हा फरक कोणी समजावून सांगत नाही, डायरेक्ट लाल फुली.

बरं नियम तरी एक आहे का? रेकॉर्ड हे नाम असेल तर सी च्या नंतर तोडायचं आणि क्रियापद असेल तर सी च्या आधी, कारण उच्चार बदलतो. नॉलेज अमेरिकन लोक एल नंतर तोडतात, जुन्या ब्रिटिश पद्धतीत शब्दाची घडण बघून डब्ल्यू नंतर. शाळेचं पुस्तक ब्रिटिश वळणाचं, वर्कशीट नेटवरून काढलेली अमेरिकन, आणि मार्क जातात पोराचे.

कॉम्प्युटरला सुद्धा हे सोपं गेलेलं नाही. संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या टेक या छपाईची पानं लावणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी त्यांचे विद्यार्थी फ्रँक लिआंग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्डला याच विषयावर पीएचडी केली, थिसिसच्या नावातले शब्दच हायफन घालून तोडलेत. अक्षरांचे सुमारे ४५०० पॅटर्न बसवून पॉकेट डिक्शनरीतल्या हायफनच्या ८९ टक्के जागा सापडल्या, राहिलेल्या सोडून दिल्या, कारण चुकीचा तोडण्यापेक्षा न तोडलेला परवडतो. मशीनला एवढी सवलत आणि आठ वर्षांच्या मुलाला नाही?

माझं म्हणणं एवढंच की वहीत हाताने लिहिताना शब्द तोडायची गरजच नाही, मावत नसेल तर अख्खा शब्द खालच्या ओळीत घ्या. टाळ्या वाजवा, पण त्यावर परीक्षेत हायफन विचारू नका, आणि विचारायचाच असेल तर कुठली डिक्शनरी धरली ते वर्कशीटवर छापा. तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर एखाद्या इंग्रजीच्या जाणकार शिक्षकांकडून यावर लिहून घेतलंत तर पालकांना पण शाळेत जाऊन बोलता येईल.

आपली,
एक ट्यूशन टीचर, नेरूळ